उन्हाळ्यांतील विणलेलें पोलकें

साठी उलटलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें विणकामावर बोलावें, आणि तेंहि भर उन्हाळ्यांत, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस मौज वाटेल. विणकाम म्हणजे लोकर, लोकर म्हणजे थंडी, आणि थंडीच्या दिवसांत अंगणांत ऊन खात विणीत बसलेल्या भगिनी, असें एक चित्र आपल्या मनांत ठरून गेलें आहे. त्या चित्रांत पुरुषाला जागा नाहीं आणि वैशाखालाहि नाहीं. आज त्या दोघांसाठीं थोडीशी जागा मागावी, असा माझा हेतु आहे.

माझें गांव अर्धापूर. नांदेडहून हिंगोलीकडे निघालें म्हणजे तें वाटेंत लागतें. केळीच्या बागा आणि हळद यांसाठीं त्याचें नांव आहे. परंतु बागांच्या सावलीनें गांवाचा उन्हाळा कांहीं कमी होत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. गेल्या वर्षीं अशाच दिवसांत माझी चार वर्षांची नात सुटीसाठीं पुण्याहून आली. अंगांत बाजारांतून आणलेला चकचकीत फ्रॉक. खांद्यांवर झालर, खालीं झालर, मध्यें फुलें. तिसऱ्या दिवशीं मुलीची मान, काखा आणि पाठ घामोळ्यांनीं लाल झाली. “आजोबा, फ्रॉक चावतो,” असें ती रडत सांगूं लागली. आमच्या घरांतील मंडळींनीं तत्काळ जुन्या धोतराचें एक मऊ पोलकें शिवून दिलें; परंतु त्याला झालर नव्हती, सबब बाईसाहेबांनीं तें अंगाला लावूं दिलें नाहीं. झालर हवी आणि चावणें नको, एवढाच त्यांचा अर्ज होता, आणि विचार करतां तो मला अगदीं रास्त वाटला.

मग मीं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यांत माझ्या आईच्या सुया होत्या. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें तेव्हां घरोघरच्या स्त्रियांनीं जवानांसाठीं स्वेटर आणि मोजे विणले; माझ्या आईनेंहि ते ह्याच सुयांवर विणले होते. तिच्यापासून मी ही विद्या शिकलों, पण हौसेनें नव्हे, तर नोकरीपायीं. १९३७ सालीं वर्धा येथील परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदु असावा असा विचार मांडला. पुढें १९६६ च्या अहवालांत कोठारी आयोगानें शाळांतून कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. ह्या थोर विचारांचा ओघ वाहत वाहत आमच्या खेड्यांतील शाळेपर्यंत पोंचला तेव्हां त्याचें रूप “गुरुजी, मुलींना विणकाम शिकवा” एवढेंच उरलें होतें. शाळेंत शिक्षिका नव्हती. तेव्हां मी दर शनिवारीं आईपुढें बसून टाके शिकें आणि सोमवारीं तेच वर्गांत शिकवीं. ह्या उसन्या विद्येमुळें माझ्या हातून एक अन्याय घडला. तो सांगितल्याशिवाय पोलक्याचें माप सांगतां येणार नाहीं, म्हणून पुढें सांगणारच आहें.

तत्पूर्वीं एक गैरसमज दूर करूं. सुयांचें विणकाम लोकरीचेंच असतें, हें खरें नाहीं. सुयांनीं विणलेल्या ज्या अत्यंत जुन्या वस्तु जगांत शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमध्यें सांपडलेले मोजे आहेत. ते सुमारें आठशें-नऊशें वर्षांपूर्वींचे असून त्यांपैकीं कित्येक निळ्या आणि पांढऱ्या सुताचे आहेत. म्हणजे उष्ण देशांत, सुताच्या धाग्यावर ही कला पूर्वींपासून नांदत होती. इंग्लंडांत १५८९ सालीं विल्यम ली यानें विणकामाचा पहिला यांत्रिक माग बनविला, आणि त्याच मागाच्या वंशांतील यंत्रांवर आज आपले बनियन तयार होतात. होय, बनियन हें विणलेलें वस्त्र आहे. भिंग धरून पाहिलें तर त्यांत सुईच्या विणीसारखीच फांसांची रांग दिसते. आपले वडील त्याला गंजीफ्रॉक म्हणत. हा शब्द इंग्लिश खाडींतील गर्न्सी ह्या बेटाच्या नांवावरून आला असें मानतात. तेथील कोळी समुद्राच्या गारठ्यांत विणलेला लोकरी सदरा घालीत. शेजारच्या बेटाचें नांव जर्सी, तेंहि आपल्याकडे कपड्याचेंच नांव होऊन बसलें. थंड समुद्रावरचा तो लोकरी सदरा आपल्या देशांत आला, त्यानें लोकर टाकून सूत धरलें, बाह्या टाकल्या, आणि ऐन उन्हाळ्यांत तो आपल्या अंगाला लागून राहिला. मग पुरुषांनीं जें बिनबाह्यांचें विणलेलें सुती वस्त्र जन्मभर वापरलें, तें एका चिमुरडीला झालर लावून कां मिळूं नये?

आणि सूत तर आपल्या दारचें. नांदेडच्या परिसरांत पूर्वीं गावराणी कापूस होई. पुढें नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रानें काढलेलें एन्‌. एच्‌. एच्‌. ४४ हें संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडीं बसलें. नांदेड शहरांतील उस्मानशाही मिलचा भोंगा आतां इतिहासजमा झाला. तथापि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या खादीचे तिरंगी ध्वज नांदेडहून दूरदूर गेले आहेत. अशा प्रदेशांतील मुलीनें वैशाखांत पॉलिएस्टर अंगांत घालून घामोळ्यांनीं रडावें, हा विनोद नव्हे, विपर्यास आहे. कारण साधें आहे. नेहमींच्या दमट हवेंत शंभर ग्रॅम कोरडें सूत सुमारें आठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतें. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमहि धरीत नाहीं. घाम त्वचेवरच राहतो आणि त्वचा चिडते. बाजारांत “लोकर” म्हणून जी गुंडी मिळते तीहि पुष्कळदां ॲक्रिलिकची असते. म्हणून उन्हाळ्यासाठीं घेतांना दुकानदारास सुती दोरा असें स्पष्ट सांगून मागावा.

आतां सुताचा स्वभाव. मागावरच्या कापडांत उभे आणि आडवे धागे एकमेकांस घट्ट अडवून धरतात. विणकामांत एकच धागा फांसांतून फांसा काढीत जातो. म्हणून तें कापड ताणतें, अंगाबरोबर हलतें, आणि फांसांच्या मधून वारा खेळतो. लोकर ताणली तरी सोडतांच पूर्वस्थितीवर येते. सूत तसें नाहीं. सूत जड असतें आणि एकदां लोंबलें म्हणजे आपण होऊन वर येत नाहीं. जें लोकरीला चालतें तें सुताला चालत नाहीं. एवढेंच वाक्य मला १९८६ सालीं ठाऊक असतें तर बरें झालें असतें.

त्या वर्षीं सातवीच्या वर्गाला मीं बिनबाह्यांचें पोलकें विणावयास लावलें होतें. लोकर महाग, म्हणून मुलींनीं आठवड्याच्या बाजारांतून सुती दोऱ्याच्या लडी आणल्या. माप मात्र मीं लोकरीच्या पुस्तकांतून घेतलें: काखेपर्यंत लांबी नऊ इंच, म्हणजे ६८ ओळी. सर्व मुलींनीं फळ्यावरचा आंकडा उतरून घेतला. एका मुलीनें ६० ओळींवरच काखेचा आकार घेतला आणि ती खांद्यापर्यंत विणून मोकळी झाली. तिचे वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेंत मजुरीला होते. मीं फूटपट्टी लावली. लांबी आठच इंच भरली. मीं कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “गुरुजी, अडुसष्ट ओळी लई व्हत्यात. सूत पाण्यात गेल्याबिगर खरं बोलत नाही, असं माय म्हणती.”

वर्ग हसला. मला तें उद्धट वाटलें. खांद्यापर्यंत आलेलें तें विणकाम साठाव्या ओळीपर्यंत उसवण्याची आज्ञा मीं तिला केली, आणि “फळ्यावरचें वाचतां येत नाहीं काय?” असेंहि बोललों. तिनें एक शब्द न बोलतां उसवलें. सूत बोटांवर गुंडाळीत ती बसली होती, तें मला आजहि दिसतें.

पंधरा दिवसांनीं पोलकीं धुवून वऱ्हांड्यांत दोरीवर टांगलीं. दुसऱ्या दिवशीं पाहतों, तों सगळीं हातभर लोंबलेलीं. काखा कमरेकडे निघालेल्या. नऊ इंचांचे दहा इंचांहून अधिक झाले होते. तेव्हां मला त्या मुलीच्या दप्तरांतील एक लहान पट्टी दाखविण्यांत आली. तिनें आधीं ३० ओळींची पट्टी विणली होती. ती हातांत चार इंच भरली. मग तिनें ती धुतली, खालच्या टोंकाला एक खडा बांधला, आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगून वाळविली. वाळल्यावर पट्टी साडेचार इंच झाली. ह्या हिशेबानें ६० ओळींचे बरोबर नऊ इंच होतात. तिचें गणित बरोबर होतें, माझें चुकलें होतें. आणि मी गणिताचाच मास्तर होतों. मला ती पट्टी तिच्या मैत्रिणीनें दाखविली, कारण तोंवर ती मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडणीला निघून गेली होती. ती त्या शाळेंत पुन्हा आली नाहीं. भर वर्गांत केलेल्या अपमानाची क्षमा भर वर्गांतच मागावयाची असते. ती संधि मला मिळाली नाहीं. पुढें जितकीं वर्षें विणकाम शिकविलें, तितकीं वर्षें पहिल्या दिवशीं मी मुलींकडून पट्टी विणवून, धुवून, खडा बांधून टांगून घेत असें, आणि ही रीत मला कोणीं शिकविली तेंहि सांगत असें.

आतां प्रत्यक्ष पोलक्याकडे वळूं. ज्यांस कागद-पेन्सिल घ्यावयाची असेल त्यांनीं घ्यावी. चार वर्षांच्या मुलीची छाती सुमारें २२ इंच धरूं. उन्हाळ्यांतील कपडा सैल हवा म्हणून २ इंच वाढवून २४. मध्यम जाडीचें सुती सूत सुमारें दोनशें ग्रॅम आणि ८ नंबरच्या सुया घ्याव्या. माझ्या धुतलेल्या पट्टीवर चार इंच रुंदींत २२ टाके आणि साडेचार इंच लांबींत ३० ओळी भरल्या. आपला हात माझ्याहून सैल किंवा घट्ट असेल, सुताचा पीळहि निराळा असेल. कांहीं सूत लोंबतें, कांहीं पाण्यांत आखडतें. तेव्हां माझे आंकडे उदाहरणादाखल घ्यावे आणि आपल्या पट्टीवरून आपले काढावे.

पुढील भागासाठीं ६६ टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ६० ओळी विणाव्या. मग काखेसाठीं दोन्ही बाजूंस चार-चार टाके बंद करावे, आणि पुढें एक ओळ सोडून एक, अशा चार वेळां दोन्ही टोंकांस दोन टाके एकत्र विणून एक-एक टाका कमी करावा. ५० टाके उरतील. काखेची उंची एकूण ३४ ओळी. त्यांतील १८ ओळी झाल्या म्हणजे गळ्यासाठीं मधले १८ टाके बंद करावे आणि दोन्ही खांदे वेगळे विणावे. गळ्याच्या बाजूनें एक ओळ सोडून एक, असे पांच वेळां एक-एक टाका कमी केला म्हणजे खांद्यास ११ टाके राहतील. मागील भाग असाच. फक्त तेथें १८ ओळींनंतर ५० टाक्यांचे २५-२५ असे दोन भाग करून ते वेगळे विणावे, म्हणजे पाठीवर एक फट राहील, आणि शेवटीं सर्व टाके बंद करावे. ह्या फटीला वर एक बटण आणि दोऱ्याचा फांसा लावावा. ही फट विसरूं नये. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारें २० इंच असतो, आणि सुती गळा लोकरीइतका ताणत नाहीं. मीं पहिल्या खेपेस फट ठेवली नव्हती. नातीचें डोकें अडकलें तेव्हां घरांत जो गोंधळ झाला त्याचें वर्णन येथें करीत नाहीं.

आतां झालर, जिच्यासाठीं हा सारा खटाटोप. झालर म्हणजे दुसरें कांहीं नसून थोड्या जागेंत कोंबलेले अधिक टाके. खांदे शिवून घ्यावे, पण बाजू अजून शिवूं नये. खालच्या कडेवरून पुढील भागाचे ६६ टाके सुईवर उचलावे, एक ओळ विणावी, आणि पुढच्या ओळींत प्रत्येक टाक्यांत पुढून व मागून विणून एकाचे दोन करावे. १३२ टाके झाले. ह्यावर १० ओळी विणून, शेवटच्या दोन ओळी सर्व सुलट ठेवून, सैलसर बंद करावे. नाहींतर कड आंत वळते. मागील भागाचेंहि तसेंच. काखेच्या कडेवर ६० टाके उचलावे. तेथें मात्र दुप्पट करूं नये, दोनांचे तीन करावे, म्हणजे एक टाका साधा विणून पुढच्याचे दोन. ९० टाक्यांवर सहा ओळी पुरे होतात. मग बाजू शिवाव्या.

दुप्पट कां करूं नये, असें कोणी विचारील. मीं पहिल्यांदा हौसेच्या भरांत काखेला दुप्पट आणि पुन्हा दुप्पट, असे २४० टाके केले. झालर कोंबड्याच्या फुलासारखी फुलली, परंतु तिच्या भारानें खांदा दंडावर उतरला आणि मुलीला हात खालीं घेतां येईना. खालच्या झालरीचाच हिशेब पहा. पुढील आणि मागील भाग मिळून एका ओळींत १३२ टाके. काखेपर्यंत ६० ओळी. म्हणजे ७,९२० टाके. झालरीच्या १० ओळी, प्रत्येकींत २६४. म्हणजे २,६४० टाके. उंचीनें अंगाचा सहावा हिस्सा असलेली झालर श्रमानें, सुतानें आणि वजनानें तिसरा हिस्सा आहे. मिरवण्याच्या वस्तूचें ओझें डोळ्यांस दिसतें त्याच्या दुप्पट असतें, हें ह्या गणितावरून माझ्या ध्यानांत आलें.

ह्या झालरींत विद्वानांनाहि रस आहे, हें सांगितल्यास आश्चर्य वाटेल. ठराविक अंतरानें टाके वाढवीतच गेलें तर कापड सपाट राहूंच शकत नाहीं. त्याला मुरडावेंच लागतें. अशा पृष्ठभागाची भूमिति युक्लिडच्या भूमितीहून वेगळी असून गणितज्ञांना ती शिष्यांपुढें हातांत धरून दाखवितां येत नव्हती. कागदाचे नमुने फाटत. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डायना तायमिना ह्या गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं क्रोशाच्या सुईनें तो पृष्ठभाग विणून दाखविला. शिक्षणसंस्थांच्या कोनाड्यांत “मुलींचें काम” म्हणून टाकलेल्या सुईनें विद्यापीठांतील अडचण दूर केली. मला ही हकीकत कळली तेव्हां खुंटीला टांगलेली ती पट्टी आणि तिचा खडा आठवला. एके ठिकाणीं त्या बुद्धीला आसन मिळालें. दुसरे ठिकाणीं, माझ्या वर्गांत, तिला उसवावें लागलें.

पोलकें तयार झाल्यावर तें मऊ साबणानें धुवावें, पिळूं नये. पंचांत गुंडाळून पाणी टिपावें आणि सावलींत पसरून वाळवावें. ओलें सूत टांगल्यानें काय होतें तें वर आलेंच आहे. पट्टी टांगावयाची ती सुताचा शेवटचा ताण कळावा म्हणून. वस्त्र मात्र पसरूनच वाळवावें. आणखी एक लाभ: झालर वरून उचललेल्या टाक्यांवर असल्यामुळें पुढील वर्षीं मूल वाढलें म्हणजे ती उसवावी, त्याच टाक्यांवर दोन इंच साधें विणून पुन्हा झालर लावावी. उसवणें हें विणकामांत अपयश नव्हे. मात्र कोणाचें उसवावयास लावण्यापूर्वीं आपलें माप खरें आहे काय, एवढें शिक्षकानें, आणि आईबापांनींहि, पाहून घ्यावें.

माझ्या नातीचें पोलकें मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत पुरें झालें. तें अंगांत घालून ती सबंध दुपार केळीच्या बागेच्या बांधावर खेळली. संध्याकाळीं मीं विचारलें, “काय बाई, चावतें काय?” तिनें झालर दोन्ही हातांनीं फुलवून दाखविली आणि “नाही,” एवढेंच म्हणून ती पळाली. घामोळीं त्या आठवड्यांत ओसरलीं.

ती दुसरी मुलगी आज पन्नाशीच्या घरांत असेल. कोठें असेल तें मला माहीत नाहीं; पण खेड्यापाड्यांतून आकाशवाणी ऐकली जाते. बाई, आपल्या मायचें म्हणणें खरें होतें आणि आपलें गणित बरोबर होतें. हें मीं भर वर्गांत सांगावयास हवें होतें. तें आज सर्वांसमक्ष सांगत आहें.